मुठीखालची खूण

रविवार असूनही ताई ऑफिसचे बूट घालून आली, तेव्हाच आईनं ओळखलं की आज घरी मुलगी आलेली नाही, परवाना खातं आलंय.

"चहा घेतेस की आधी सह्या?" आईनं विचारलं.

"आधी काम," ताई म्हणाली आणि जेवणाच्या टेबलावरची भांडी बाजूला सारून तिनं कागद मांडले.

बाबा डोळ्यांच्या तपासणीत नापास होऊन अठरा दिवस झाले होते. येत्या गुरुवारी त्यांचा शस्त्र परवाना संपत होता. तोवर पिस्तूल दुसऱ्या परवानाधारकाला रीतसर विकलं गेलं तर ठीक, नाहीतर शुक्रवारी ते सरकारजमा आणि तिथून थेट यंत्राखाली चुरा. परवाना कार्यालयात तीन नंबरच्या खिडकीमागे सव्वीस वर्षं बसून ताईनं असे चुरे पुष्कळ पाहिले होते, आणि घरी येऊन त्याबद्दल कधी हळहळही केली नव्हती. कुणाच्या आजोबांचं असो नाहीतर कुणाच्या पदकाचं, नियम तो नियम.

आता मात्र ते बाबांचं होतं. चाळीस वर्षं बाबा त्याच पिस्तुलानं क्लबातल्या स्पर्धा खेळले होते. आठवडाभर खालच्या दुकानात घड्याळं दुरुस्त करायची आणि रविवारी कागदी लक्ष्याला भोकं पाडायची, हे त्यांचं आयुष्य. आणि हे पिस्तूल कुणाला विकायचं, ते बाबांनी ठरवून टाकलं होतं. ठरवलं म्हणजे काय, जेवताना मीठ मागावं तसं सांगून टाकलं होतं: "पिस्तूल सूनबाईला."

ताईनं घास गिळला होता आणि "बरं" म्हणाली होती. अर्जही तिनंच भरला होता, सुवाच्य अक्षरात, एक खाडाखोड न करता. पण तिच्या पर्समध्ये चष्म्याच्या डबीखाली दुसराही एक अर्ज होता. तोही भरलेला. 'विकत घेणार' या रकान्यात तिचं स्वतःचं नाव होतं, सही तेवढी राहिली होती. कशाला भरलास, असं कुणी विचारलं असतं तर 'सावधगिरी म्हणून' असं तिनं सांगितलं असतं. खरं सांगायचं तर ती जळत होती. सहा वर्षांपूर्वी तिनं परवाना काढला तो कुणासाठी? दर रविवारी बाबांना गाडीतून रेंजवर कुणी नेलं? ती स्वतः पंचवीस मीटरवर उभी राहायची, तेव्हा गोळ्या कुठेही जायच्या. बाबा म्हणायचे, "असू दे, कागदाला तरी लागतायत." आणि कालची आलेली ही बसची ड्रायव्हरीण दोन वर्षांत क्लबात पहिली.

कालची म्हणजे सतरा वर्षांपूर्वीची. पण नणंदेच्या पंचांगात भावजय कायम कालचीच असते.

"एवढे कागद कशाला म्हणते मी," आई म्हणाली. "सासरा सुनेला देतोय. द्यावं आणि मोकळं व्हावं."

"देता येत नाही, आई. विकावंच लागतं. बक्षीस नाही, आठवण नाही, वारसा नाही. दोघांकडे चालू परवाना हवा, तपासनिसानं येऊन वस्तू बघायला हवी, आणि शिक्का पडेपर्यंत घेणाऱ्याच्या एकट्याच्या ताब्यात ती एक मिनिटही जाता कामा नये. शिवाय घेणाऱ्याच्या घरात राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसानं 'हरकत नाही' अशी सही करायची."

"म्हणजे मी?"

"तू खाली राहतेस. वरच्या मजल्यावर छोट्या आणि त्याची बायको. सही छोट्याची."

"चाळीस वर्षं ती सवत माझ्या कपाटाशेजारी राहिली," आई म्हणाली, "तेव्हा नाही कुणी माझी सही घेतली."

"तेव्हा नियम नव्हता."

"नियम नव्हता की विचारायची पद्धत नव्हती?" आईनं चहाचं आधण ठेवलं.

खिडकीपाशी बसलेला छोट्या हे सगळं ऐकत होता. सहा फूट उंच, चव्वेचाळीस वर्षांचा, कवळ्या बनवायच्या स्वतःच्या लॅबचा मालक. पण या घरात तो छोट्या तो छोट्याच. त्याच्यासमोर 'हरकत नाही'चा कागद केव्हाचा पडला होता आणि पेनाचं टोपण त्यानं अजून काढलं नव्हतं.

"कर ना सही," ताई म्हणाली.

"वाचतोय."

"दोन ओळी आहेत."

"दोनच ओळी आहेत म्हणून तर नीट वाचतोय."

त्याला पिस्तूल नको होतं. चौदाव्या वर्षी बाबांच्या टेबलावर त्यानं एका घड्याळाची केसासारखी बारीक स्प्रिंग मोडली. तेव्हा बाबांनी त्याचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले होते, "हे हात दाते काढायचे, बसवायचे नाहीत." पुढे मोठा होऊन त्यानं लोकांचे दात बसवले. पण त्या टेबलापाशी तो परत गेला नाही. आणि आता त्याची बायको सारखी खाली असायची. 'बाबांना पेपर वाचून दाखवते' म्हणायची. वर आली की तिच्या बोटांना तेलाचा वास यायचा. पेपराला तेलाचा वास कधीपासून यायला लागला, हे त्यानं विचारलं नव्हतं. बायकोवर जळावं की बापावर, हे न ठरल्यामुळे तो दोघांवरही जळत होता.

बाबा भिंतीला हात न लावता दुकानातून आले. वीस पावलं त्यांनी मोजून ठेवली होती. हातात लाकडी पेटी होती. ती त्यांनी ताईसमोर बरोबर मध्यावर ठेवली.

"नंबर उतरवून घे," ते म्हणाले. "मॅगझिन काढलंय. तरी तू बघ."

ताईनं पाहिलं. रिकामं होतं. नंबर मुठीच्या डाव्या बाजूला, लाकडी पट्टीखाली कोरलेला. तिनं दोन स्क्रू सोडवले आणि पट्टी उचलली. नंबर जुळला. मग तिची नजर नंबरच्या बाजूला गेली.

घड्याळजींची एक जुनी रीत असते. घड्याळ उघडलं की झाकणाच्या आतल्या बाजूला टोकदार कोरणीनं आपली बारीकशी खूण करायची आणि खाली वर्ष टाकायचं. पुढच्या माणसाला कळावं, याआधी आत कोण येऊन गेलं. बाबांची खूण त्रिकोणाची. 'उघडलंस तर खूण सोड,' हे या घराचं ब्रीद म्हटलं तरी चालेल. पिस्तूलही ते दरवर्षी उघडून साफ करायचे, तेव्हा तिथेही त्रिकोण. ताईला ते ठाऊक होतं. सवयीनं झालेल्या या खुणा नंबरपासून दूर होत्या आणि बाबांच्या होत्या, त्यामुळे आजवर कुठल्याही तपासनिसानं त्यांना हरकत घेतली नव्हती.

पण त्रिकोण चार वर्षांपूर्वी संपले होते. त्याखाली चार खुणा वेगळ्याच होत्या. दोन तिरप्या रेघा, मध्ये टिंब. जागा उरली नव्हती म्हणून त्या थेट नंबरला चिकटून होत्या. काम स्वच्छ होतं. फार स्वच्छ.

"ही खूण कुणाची?" ताईनं विचारलं.

आईनं गॅस बंद केला.

"बाबा, दोन रेघा आणि टिंब. कुणाची?"

त्याच वेळी जिन्याखालचं दार उघडलं आणि सूनबाई सकाळची पाळी संपवून आत आली. निळा गणवेश, खांद्यावर बॅग, कानामागे पेन्सिल.

"माझी," ती दारातूनच म्हणाली.

* * *

शहरातली सगळ्यात लांब बस वळणांवरून काढताना सूनबाईचा अंदाज कधी हुकला नव्हता. आता बॅग खुंटीला लावताना ती दोनदा चुकली.

तिला पहिला बुधवार आठवला. तिची सुटी होती. ती दुकानात चहा घेऊन गेली, तर बाबा टेबलावर डोकं टेकून बसलेले. समोर घड्याळ उघडं. ते म्हणाले, "स्क्रू कुठेय ते सांगतेस?" स्क्रू त्यांच्या नाकासमोर होता. तिनं सांगितलं. मग तिनंच तो चिमट्यानं उचलला, तिनंच बसवला. दुसऱ्या बुधवारी दुसरं घड्याळ. असं करता करता ती बाबांच्या शेजारच्या स्टुलावर बसायला लागली. आयुष्यात कुणी तिला इतक्या हळू आवाजात काही शिकवलं नव्हतं. सहा महिन्यांनी बाबा म्हणाले, "आता तुझी खूण ठरव." वर जाऊन तिनं वहीत चाळीस खुणा काढल्या. लग्नाच्या वेळीही ती इतकी हरखली नव्हती, पण हे नवऱ्याला सांगण्यासारखं नव्हतं.

"पहिली खूण चार वर्षांपूर्वीची," ताई म्हणाली. आवाज खिडकीमागचा. "तुझा परवाना दोन वर्षांपूर्वीचा."

"हो."

"म्हणजे पहिल्या दोन वेळा बिनपरवाना माणसानं शस्त्र हातात घेतलं, उघडलं, आणि वर तारखेसकट लिहून ठेवलं."

"तारीख नाही, वर्षच," बाबा म्हणाले.

"बाबा!"

"रीत आहे ती."

"चोर सुद्धा घर फोडून भिंतीवर नाव लिहून जात नाही," ताई म्हणाली. "हे असलं फक्त आपल्याच घरात होऊ शकतं. उद्या अकराला तपासनीस येतोय. पट्टी उघडणारच. नंबरजवळ जी काही खूण असेल तिचा लेखी खुलासा लागतो. कुणी केली, कधी केली आणि त्या दिवशी त्याच्याकडे परवाना होता का. खरं लिहिलं तर बाबांवर खटला. हिचा परवाना रद्द. आणि शस्त्राचा गुन्हा नावावर लागला की बसही गेली."

"मग खोडून टाकू," छोट्या म्हणाला. "माझ्याकडे लॅबमध्ये घासायचं मशीन आहे."

"नंबरशेजारी घासलं की छेडछाड. त्याला याहून वाईट कलम आहे."

छोट्या उठून उभा राहिला. खोली एकदम लहान झाली.

"म्हणजे तू पेपर वाचत नव्हतीस," तो बायकोला म्हणाला.

"वाचत होते. काम संपल्यावर."

"चार वर्षं?"

"तुला सांगितलं असतं तर तू काय म्हणाला असतास?"

त्याला उत्तर माहीत होतं, म्हणून त्यानं प्रश्न सोडून दिला आणि बहिणीकडे वळला. एरवी या दोघा भावंडांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं आईला आठवत नव्हतं.

"ताई, तूच घे ते. तुझ्याकडे परवाना आहे. तुझं घर वेगळं, माझ्या सहीची भानगड नाही. मी ह्या कागदावर तसंही सही करणार नाही. माझ्या उशाशी बाबांची वस्तू नको मला."

ताईचा हात पर्सकडे गेला. सगळं किती सोपं होतं. खूण माझी म्हणायचं. तिचा परवाना सहा वर्षांचा, म्हणजे चारही खुणा कायदेशीर. अर्ज तयार होता. पिस्तूलही तिचं, खूणही तिची. वर्षानुवर्षं मागून जे मिळालं नाही, ते आज रांगेत सगळ्यात पुढे उभं राहून मिळत होतं.

सूनबाईनं ती हालचाल पाहिली. पर्सच्या तोंडातून डोकावणारा कागद तिला ओळखू आला. तसलाच एक टेबलावर होता.

"तुम्ही आधीच भरून आणलाय," ती म्हणाली.

"सावधगिरी म्हणून," ताई म्हणाली, आणि आपला चेहरा तापलेला तिला स्वतःलाच जाणवला.

"घ्या. पिस्तूल घ्या, ताई. मला क्लबचं पिस्तूल पुरे. पण खूण माझी आहे."

"खूण माझी असं मी म्हटल्याशिवाय तू सुटत नाहीस."

"मग नाही सुटत."

"वेडी आहेस का तू?" छोट्या ओरडला.

"तुला काय कळणार?" ती म्हणाली. "तू त्या टेबलापाशी कधी आलास?"

हे जरा जास्तच लागलं. छोट्या खाली बसला आणि बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत राहिला.

* * *

ताईनं पर्स मिटली आणि खुर्ची बाबांकडे फिरवली. सव्वीस वर्षं खिडकीत बसून तिला एक गोष्ट नक्की कळली होती. माणसाला कागदाबद्दल विचारलं तर तो कागदाबद्दल बोलतो. म्हणून तिनं कागदाबद्दल विचारलं नाही.

"मी मागितलं होतं शिकायला. वीस वर्षांची असताना. तुम्ही म्हणालात, तुझ्या हाताला घाम येतो, स्प्रिंगा गंजतील. मी मानलं. तिच्या हाताला येत नाही का घाम?"

"येतो," बाबा म्हणाले. "सगळ्यांच्याच येतो. पावडर लावतात."

"मग मला का नाही?"

बाबांनी टेबलाची कड चाचपली. "तू मागितलंस तेव्हा मला डोळे होते. मला वाटायचं, दुसरं कोण कशाला पाहिजे? हिला शिकवलं तेव्हा डोळे गेले होते. करायला कुणीतरी हवंच होतं. यात आवड-नावड काही नव्हती गं."

"चार वर्षांपूर्वी गेले?"

"त्याच्याही जरा आधी."

"तुम्ही रेंजवर नेम धरायचं सोडलंत, तेव्हा खांदा दुखतो म्हणालात."

"म्हणालो."

"चार वर्षं दर रविवारी मी तुमच्या खांद्याला मलम चोळत होते, बाबा!"

"बरं वाटायचं," बाबा कसनुसं म्हणाले.

आईला हसू आलं आणि ते लपवायला ती कपाटाकडे वळली. ताईला मात्र हसू येईना.

"मला का नाही सांगितलंत? हिला सांगितलंत. मला का नाही?"

"तू तीन नंबरच्या खिडकीत बसतेस," बाबा म्हणाले. "तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

ताईनं प्रामाणिकपणे विचार केला. कारण प्रामाणिकपणाची तिला सवयच होती. "दुसऱ्या दिवशी परवाना जमा करून घेतला असता."

"मग? तुझ्याकडे यायची भीती वाटायची मला. हिच्याकडे नाही वाटली."

एवढंच होतं तर. सतरा वर्षं ती भावजयीचे गुण मोजत बसली होती: हिचा हात स्थिर, हिचं बोलणं गोड, हिचा नेम चांगला. आणि गोष्ट एवढीच की बाबांना एक चोरी करायची होती आणि पोरगी पोलिसासारखी. ताईला रडू आलं, आणि राग आला, आणि त्या दोन्हींच्या खाली एक अगदी साधी गोष्ट कळली. तिला पिस्तूल नको होतं. घेऊन ती ते कपाटात ठेवणार होती. तिला बाबांच्या शेजारचं ते स्टूल हवं होतं.

तिनं खुलाशाचा कोरा कागद ओढला.

"विक्री हिलाच होईल," ती म्हणाली. "अर्ज आहे तोच राहील. पण खुणा माझ्या. चारही. मी दरवर्षी बाबांचं पिस्तूल साफ करून द्यायचे, परवाना होता, बाबा समोर बसलेले असायचे. असा खुलासा जाईल."

"तू खोटं लिहिणार?" छोट्यानं विचारलं. सूर्य पश्चिमेला उगवला असता तरी तो इतका दचकला नसता.

"हो."

"उघडकीला आलं तर?"

"तर माझी नोकरी जाईल. पेन्शनही. ते माझं मी बघीन."

सूनबाई टेबलाशी आली.

"नको," ती म्हणाली. "ताई, हे नको. पिस्तूल तुम्ही ठेवा, मला ती खूण ठेवू द्या. तुम्हाला सगळं आहे. तुम्ही ह्यांची मुलगी आहात. काही न करता मुलगी आहात. मला ती खूण मिळवायला लागली. उद्या कागदावर तुमचं नाव लागलं की मी तिथे कधी नव्हतेच."

"आणि मी असूनही नव्हते, त्याचं काय?"

"म्हणून माझं घेणार?"

"हो, म्हणून तुझं घेणार," ताई म्हणाली. इतकं खरं ती या घरात कधी बोलली नव्हती. "तुला पिस्तूल मिळतंय, बस राहतेय, बाबा घरात राहतायत. मी नोकरी पणाला लावतेय. त्याच्या बदल्यात मला तेवढं दे. कागदावर तरी."

बाबांची मान एकदा इकडे, एकदा तिकडे वळत होती. त्यांना दिसत कुणीच नव्हतं.

मग आई पुढे आली. तिनं छोट्यासमोरचा कागद बोटानं त्याच्याकडे ढकलला.

"सही कर."

"आई, तू तर नेहमी म्हणतेस चुरा झाला तरी चालेल."

"म्हणते ना. अजूनही म्हणते. ती सवत गेली तर मी सुखानं झोपेन. पण मी चाळीस वर्षं एका लोखंडाच्या तुकड्यावर जळले. तो तुकडा होता तसाच राहिला, मी मात्र खंगले. तू बायकोवर जळतोयस, ही हिच्यावर, ती तिच्यावर, आणि हे मधे बसून पावडरीच्या गोष्टी सांगतायत. उद्या पोलीस यांना घेऊन गेले तर कोणाला काय मिळणार आहे? सही कर, छोट्या. आणि तू," ती सुनेला म्हणाली, "खूण कागदावर कुणाची लागते हे तपासनिसाला ठाऊक असेल. घरात कुणाची आहे ते आम्हा पाच जणांना माहीत आहे. पाच माणसं पुष्कळ झाली."

छोट्यानं टोपण काढलं. सही केली. खाली तारीख घालताना त्यानं बायकोकडे न पाहता विचारलं, "मला शिकवशील का ते? स्प्रिंग बसवायचं?"

"तू मोडशील," ती म्हणाली. पण म्हणाली जरा मऊ आवाजात.

* * *

खुलासा ताईनं तिथेच लिहायला घेतला, पण सहीपाशी येऊन ती थांबली.

"तपासनीस नवा आहे," ती म्हणाली. "नवे लोक हुशारी दाखवतात. म्हणाला, 'बाई, करून दाखवा,' तर?"

म्हणून दुपारी ती दुकानातल्या टेबलापाशी त्या स्टुलावर बसली. विसाव्या वर्षी बसायची तिथे ती एक्कावन्नाव्या वर्षी बसली, एकतीस वर्षं उशिरा. डोळ्याला भिंग, बोटांना पावडर, हातात कोरणी. समोर बाद घड्याळांच्या पितळी झाकणांचा ढीग. मागे सूनबाई उभी. शिकवणार तीच, कारण खूण तिचीच होती.

पहिल्या झाकणावर रेघ अशी गेली की जणू घसरून पडली.

"कोरणी ओढा," सूनबाई म्हणाली. "स्वतःकडे."

ताईनं ओढली. आणखी वाईट झालं. पुन्हा ओढली. टिंबाच्या जागी भोक पडलं. सूनबाई बघत होती. सात झाकणं तिनं तशीच वाया जाऊ दिली. आठव्याला तिला स्वतःची लाज वाटली.

"ओढू नका," ती म्हणाली. "मी चुकीचं सांगितलं. ढकलायची असते. अंगठ्यानं. पुढे."

ताईनं भिंगातून डोळा काढून तिच्याकडे पाहिलं. "मुद्दाम?"

"मुद्दाम."

"मीही तेच केलं असतं," ताई म्हणाली आणि कोरणी अंगठ्यानं पुढे ढकलली. पितळातून एक बारीक तार वळत वर आली. सूनबाई नकळत वाकली, तिनं ताईचं कोपर दोन बोटांनी जरा खाली दाबलं आणि तसंच धरून ठेवलं. मग दोघी फारसं बोलल्या नाहीत. "तिरपी जास्त." "आता?" "आता बरी." "टिंब?" "टिंब शेवटी. श्वास सोडून." छोट्या एकदा दारात येऊन उभा राहिला, थोडा वेळ बघून परत गेला.

पाच वाजता बाबा पावलं मोजत आले. "दाखवा काय झालंय ते," ते म्हणाले.

ताईनं आत्ताच पूर्ण झालेलं झाकण त्यांच्या तळहातावर ठेवलं. सूनबाईनं आज एकाही झाकणाला कोरणी लावली नव्हती. बाबांनी झाकण उलटं केलं, अंगठ्याचं नख पहिल्या रेघेवरून नेलं, मग दुसरीवरून, मग टिंबावर थांबले. त्यांचा चेहरा उजळला.

"हं. ही सूनबाईची," ते म्हणाले. "कुठे थरथर नाही, कुठे अडखळणं नाही. हा हात कळतोच. आता ताईची द्या बघू."

सूनबाईनं तोंड उघडलं. ताईनं चटकन तिचं मनगट धरलं आणि मान हलवली.

"ताईची अजून व्हायचीय, बाबा," ती म्हणाली, आणि सोबत आणलेला खुलाशाचा कागद पुढे ओढून 'खूण करणाऱ्याची सही' या ओळीवर तिनं आपली सही केली.